साठ वह्या आणि चाळीस मिनिटांचा तास: लेखन नि वर्गातली चर्चा तपासायची कशी?

शाईची_दौत

आठवी ते दहावीला मराठी शिकवणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. आधी सरळ हिशेब मांडतो. पट ६०. एका निबंधाला पाच मिनिटं दिली तर पाच तास लागतात, आणि तीन तुकड्या असतील तर पंधरा. एवढा वेळ कुणाकडेच नसतो. मग पान उलटायचं, खाली सही नि तारीख टाकायची, फार तर 'छान' किंवा 'अक्षर सुधारा' लिहायचं, असं चालू राहतं.

दहावीच्या कुमारभारतीच्या (मराठीच्या पाठ्यपुस्तकाच्या) ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत. पत्र किंवा सारांश ६, जाहिरात-बातमी-कथा यांतले कोणतेही दोन मिळून १०, आणि प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन यांतलं एक ८ गुणांना. जवळजवळ तिसरा हिस्सा झाला हा. तरी वर्षभरातल्या तासिका मोजल्या तर लेखनाच्या वाट्याला उरलासुरला वेळच येतो.

माझं म्हणणं असं की आपण तपासतो जास्त, पण चुकीच्या वेळी तपासतो. निबंध पूर्ण झाल्यावर लिहिलेला शेरा मूल वाचत नाही. गुण बघतं आणि वही मिटतं. त्याला त्या लिखाणाचं पुढे काही करायचंच नसतं, मग शेऱ्याचा उपयोग काय? म्हणून शेरा कच्च्या लेखनावर आणि गुण पक्क्यावर. ही अदलाबदल केली की बाकीचं बरंचसं आपोआप जागेवर येतं.

पंधरवड्याला एक लेखन धरा. त्याला चार तासिका लागतात:

१) चर्चा. विषय तोंडी उलगडायचा. (याबद्दल जाणकारांनी खाली लिहावं.)

२) कच्चं लेखन, वर्गातच, २५ मिनिटं. उजव्या पानावर एक ओळ सोडून लिहायचं, डावं पान कोरं ठेवायचं. ओळ सोडायला लावली नाही तर दुरुस्तीला जागाच राहत नाही, आणि मुलं खाडाखोड नको म्हणून दुरुस्ती टाळतात.

३) वह्या परत देऊन दुरुस्ती. मधल्या दिवसांत आपण पेन्सिलीने फक्त दोन गोष्टी बघायच्या, वहीमागे दीड मिनिट. साठ वह्यांना ९० मिनिटं.

४) पक्कं लेखन. यातल्या २० वह्या सविस्तर तपासायच्या, पाच मिनिटांप्रमाणे १०० मिनिटं. पुढच्या वेळी पुढचे २०. उरलेल्या ४० वह्यांत दुरुस्ती झाली की नाही एवढंच बघायचं, ते वर्गात फिरता फिरता होतं.

पाच तासांचे सव्वातीन तास होतात, आणि प्रत्येक मुलाला दीड महिन्यात एकदा नीट तपासलेला निबंध हातात मिळतो.

आता पेन्सिलीने काय लिहायचं? नमुना म्हणून 'एसटी थांब्याचे आत्मकथन' घ्या. असा परिच्छेद कुठल्याही वर्गात सापडेल:

'मी एक एसटी थांबा आहे. माझ्याकडे रोज खूप लोक येतात. मला खूप आनंद होतो. पण आजकाल लोक माझ्यावर कागद लावतात मला खूप दुःख होते. मुलांने माझ्यावर नाव लिहीले. आजच्या आधुनिक युगात माझी कोणाला किंमत राहीली नाही.'

लाल पेन हातात असेल तर 'मुलांने', 'लिहीले', 'राहीली' यांना गोल पडतील, 'लावतात'नंतर पूर्णविराम पडेल, आणि मूल चार दुरुस्त्या करून तोच परिच्छेद पुन्हा उतरवून काढेल. परिच्छेद तितकाच पोकळ राहणार. त्याऐवजी डाव्या पानावर दोन प्रश्न लिहा: 'कागद कसले? एकावर एक असतील तर सगळ्यात खाली कोणता?' आणि 'पहाटेच्या पहिल्या गाडीला कोण येतं?' बस. दुसऱ्या खेपेला शिकवणीची जाहिरात येते, तिच्याखाली निवडणुकीतल्या उमेदवाराचा अर्धा फाटलेला चेहरा येतो, दुधाच्या किटल्या येतात. 'खूप आनंद' नि 'खूप दुःख' ही दोन्ही वाक्यं मूल स्वतःच काढून टाकतं, कारण आता सांगायला काहीतरी असतं.

शेरा प्रश्नाच्या रूपात असावा आणि त्याचं उत्तर एका-दोन वाक्यांत देता यावं. 'वर्णन वाढवा' हा शेरा नाही. वर्णन कसं वाढवायचं ते कळत असतं तर मुलाने आधीच वाढवलं नसतं का?

खडूभुकटी

पटतंय, पण जमिनीवर या थोडं. वही बघायला फक्त आपणच नसतो. केंद्रप्रमुख येतात, मुख्याध्यापक महिन्याला वह्या मागवतात, पालक व्हॉट्सअॅपवर पानाचा फोटो टाकून विचारतात, 'इथे राहीली लिहिलंय, बाईंना दिसलं नाही का?' चूक सोडली की शिक्षकच कच्चा ठरतो. पेन्सिलीतले प्रश्न कोणाला दिसतात?

शाईची_दौत

खडूभुकटी, रास्त मुद्दा. उपाय साधा आहे: काय तपासलं ते पानावरच लिहायचं. मूल स्वतःच पानाच्या डोक्यावर चौकट आखतं आणि लिहितं, 'कच्चे लेखन. या वेळी पाहायचे: १) तपशील २) परिच्छेद.' आपण त्या चौकटीत सही करतो. चौकटीबाहेरचं का तपासलं नाही याचं उत्तर तिथेच असतं. वर्षाच्या पहिल्या पालकसभेत एक कच्चं आणि एक पक्कं लेखन शेजारी शेजारी दाखवलं की फोटो यायचे कमी होतात. पक्क्या लेखनातले लेखननियम मात्र तपासायचेच, त्याला सूट नाही.

उपान्त्य

शुद्धलेखनाचा विषय निघालाच आहे तर माझी भर.

एक चूक दहा ठिकाणी आली तर ती एकच चूक. दौतरावांच्या नमुन्यात 'लिहीले' आणि 'राहीली' या दोन चुका नाहीत. नियम एकच आहे: शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार किंवा उकार ऱ्हस्व. लिहिले, राहिली, पाहुणा, किडा, गरिबी. हा एक नियम मुलाच्या हाती लागला तर त्याच्या वहीतले निम्मे गोल जातील. 'मुलांने' ही वेगळ्या जातीची चूक आहे: एकवचनात ने, अनेकवचनात नी. मुलाने, मुलांनी. अनुस्वार आला की पुढे 'ने' येणार नाही, एवढं सांगितलं तरी पुरतं.

साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ साली चौदा होते, १९७२ साली चार वाढून अठरा झाले. अठराही शिकवायला बसलं तर मुलं पळून जातील. दहावीपर्यंतच्या लेखनात वारंवार नडतात ते चारच प्रकार:

वर सांगितलेला उपान्त्य (शेवटून दुसऱ्या अक्षराच्या) ऱ्हस्वाचा, अकारान्त शब्दात उपान्त्य दीर्घ आणि सामान्यरूपात (प्रत्यय लागताना बदललेल्या रूपात) तेच ऱ्हस्व (फूल पण फुलाला, वकील पण वकिलाला, गरीब पण गरिबाला), अनेकवचनी आणि आदरार्थी सामान्यरूपावरचा अनुस्वार (लोकांना, शिक्षकांनी), आणि ने-नी.

दुसऱ्या प्रकारात तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले) शब्द आडवे येतात. 'गुण', 'विष', 'मधुर', 'मंदिर' यांना तो नियम लागत नाही. हुशार मूल नेमकं इथेच अडतं आणि 'गूण' लिहितं. नियम पाठ असल्यामुळे झालेली चूक आहे ती! तिला गोल करू नका, शेजारी 'तत्सम' एवढाच शब्द लिहा.

कृती: वहीच्या शेवटच्या पानावर 'माझे चार' असं शीर्षक आणि चार रकाने. आपण चूक दुरुस्त करायची नाही, त्या ओळीच्या समासात फक्त १, २, ३ किंवा ४ लिहायचं. शब्द मुलाने शोधायचा, दुरुस्त करायचा आणि त्या रकान्यात टाकायचा. पहिल्या दोन वेळा मुलांना शब्द सापडत नाही, आणि वर्गात बाजार भरतो. तिसऱ्या वेळेपासून गाडी रुळावर येते. दोन महिन्यांनी कोणता रकाना भरत चाललाय ते बघून त्या एका नियमावर दहा मिनिटं द्या. सगळ्या वर्गाला सगळे नियम पुन्हा नकोत.

बाकावरून

चर्चेचं मी लिहितो. 'गटचर्चा घ्या' म्हणणं सोपं, पण ५५ मुलांचे नऊ गट केले की शिक्षक एका गटाशी असताना आठ गटांत क्रिकेट चालू असतं. आणि गुण देताना 'सहभाग चांगला' म्हणजे काय तर मोठ्याने बोलला.

वर्गातली बाकं जड आणि दोन रांगांमधली वाट एक हाताची. त्यामुळे गोलबिल विसरा. पहिल्या दोन बाकांतलं पुढचं बाक उलटं फिरवा. समोरासमोर सहा मुलं बसतात. हे आतलं कडं. बाकीचे जागेवरच, ते बाहेरचं कडं. आत आठ मिनिटं चर्चा, मग बाहेरच्यांची पाच मिनिटं, मग दुसरे सहा जण. आखणी-आवराआवर धरून एका तासिकेत दोन फेऱ्या होतात, म्हणजे १२ मुलं. ५५ मुलांना पाच तासिका, आणि शेवटच्या फेरीत एक जास्तीचा. एका सत्रात प्रत्येकाचं एकदा नीट ऐकून होतं. यापेक्षा जास्त ऐकल्याचा दावा कुणी केला तर नोंदवही बघायला मागा!

नोंद करायला हजेरीपटासारखा तक्ता. डावीकडे सहा नावं, आणि नावासमोर मूल बोललं की अक्षर टाकायचं:

म – नुसतं मत
का – कारण दिलं
उ – उदाहरण दिलं
दु – आधीच्याच्या बोलण्याशी दुवा जोडला (मान्य करून किंवा खोडून)
प्र – प्रश्न विचारला

नमुना बघा. विषय: सहलीला मोबाइल आणू द्यावा का?

पहिली: आणू द्यावा, कारण कोणी हरवलं तर घरी फोन करता येतो. (म, का)
दुसरा: मला पण तसंच वाटतं. (म)
तिसरी: पण सरांकडे असतोच की फोन. सगळ्यांनी कशाला आणायचा? (दु, का)
चौथा: मोबाइल ही आजच्या युगाची गरज आहे. (म)
दुसरा: पण जो हरवलाय त्याच्याकडे सरांचा नंबर असतो का? (दु, प्र)

रूढ पद्धतीत चौथा पुढे जातो. वाक्य भारदस्त आहे, उच्चार स्वच्छ. प्रत्यक्षात चर्चेचं भलं केलं ते दुसऱ्याने, कारण त्याच्या प्रश्नानंतर चर्चा 'मोबाइल हवा की नको' यावरून 'नंबर लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवली तर?' इकडे वळू शकते. तक्त्यात चौथ्यासमोर एकटा 'म' आणि दुसऱ्यासमोर 'म, दु, प्र' दिसतं. गुण देताना आपल्या कानावर विसंबावं लागत नाही.

गुण पाच धरले तर: कारण किंवा उदाहरण १, दोन्ही आले तर २, दुवा एकदा १, दोनदा २, एक खरा प्रश्न १. कितीदा बोललं याला गुण नाही. ते ठेवले की पुढच्या फेरीला सगळे एकमेकांचं वाक्य तोडायला लागतात.

विषय निवडताना घात होतो. 'मोबाइल: शाप की वरदान' घेतलं की अर्धी मुलं गाईडातला निबंध म्हणून दाखवतात. शेवटी काहीतरी ठरवावं लागेल असा विषय हवा. सहलीला मोबाइल आणू द्यायचा असेल तर तीन नियम कोणते? स्नेहसंमेलनाचे पैसे कमी पडले तर काय वगळायचं? पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी गर्दी होते, मधली सुट्टी दोनदा करावी का?

बाहेरचं कडं रिकामं ठेवू नका. आतल्या एकेका मुलावर बाहेरची तीन-तीन मुलं नेमा, तोच तक्ता छोट्या कागदावर. बाकीच्यांनी न मांडला गेलेला एक मुद्दा लिहायचा. पाच मिनिटांत तेच वाचायचे.

शाईची_दौत

हे झकास! आणि याचा लेखनाशी धागा असा जुळतो: बाहेरच्या कड्याने लिहिलेले मुद्दे फळ्यावर तीन रकान्यांत घ्या. बाजूने, विरुद्ध, आणि 'अट घालून'. तिसरा रकाना विसरू नका, वैचारिक लेखनातला सगळा जीव तिथे असतो. शेवटची दहा मिनिटं प्रत्येकाने एकच परिच्छेद लिहायचा, त्यात आपल्याला न पटलेला एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडून मग उत्तर द्यायचं. सुरुवात करून द्यावी लागते: 'काहींचे म्हणणे असे, की...', 'हे खरे असले, तरी...', 'एवढी अट पाळली, तर...'. अशा चार-पाच वाक्यारंभांची पट्टी फळ्याच्या कडेला वर्षभर राहू द्या. ज्याने चर्चेत तोंड उघडलं नाही त्याच्या परिच्छेदातही दुवा येतो, कारण फळ्यावर दुसऱ्याचं म्हणणं असतं.

वाडीची_बाई

बाकावरून, तक्ता उत्तम. एक भर घालते. तोंडी कामात बोलीला गुण कापू नका. 'पानी', 'व्हतं', 'म्या' ऐकलं की आपला हात नकळत आखडतो. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणारं मूल कारण आणि दुवा तितकाच पक्का देतं. तक्त्यात 'उच्चार' हा रकाना नाही हे फार बरं केलंत, आणि तो कुणी घालू नका.

लेखनात मात्र ण-न चा प्रश्न खराच आहे. जे मूल घरीदारी सगळीकडे 'न' ऐकतं त्याला 'नीट ऐकून लिही' म्हणणं निरर्थक आहे. त्याच्या कानाला तो फरक आलेलाच नाही. त्याला यादी लागते. आणि, पण, म्हणून, कोण, कोणी, पाणी, कारण, प्रमाणे, शिक्षण, आणि क्रियापदांची सगळी णे-रूपं: येणे, जाणे, बोलणे, आणणे. 'णे' सांगितलं की शेकडो शब्द एका झटक्यात सुटतात. कथालेखनात सोपा नियम द्यावा: संवादात बोली चालेल, निवेदनात प्रमाण. मुलं खुलून लिहितात, आणि दोन्हींतला फरक त्यांना न शिकवता कळायला लागतो.

सव्वासात

आठवीपर्यंतच्यांसाठी एक आठवण. २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात आकारिकच्या (वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या) साधनतंत्रांत तोंडीकाम आणि दैनंदिन निरीक्षण आहेच. त्यात सातवी-आठवीला आकारिक ४०, संकलित (सत्राअखेरीचं) ६० असं ठरलं. म्हणजे चर्चेला गुण द्यायला जागा कागदावर केव्हाची आहे. आपण ती 'चर्चेत उत्साहाने सहभागी होतो' या एकाच वाक्याने भरतो, साठही मुलांना तेच. वरचा तक्ता हाताशी असेल तर वर्णनात्मक नोंद अशी होईल: 'मित्राचा मुद्दा खोडताना कारण देतो, उदाहरण मात्र अजून देत नाही.' पुढच्या सत्रात काय करून घ्यायचं तेही त्यातच आलं.

अवांतर: २०१८-१९ ला दहावीच्या भाषांचे अंतर्गत २० गुण काढले होते, २०१९-२० ला परत आले. निकालाची टक्केवारी घसरली म्हणून परत आले, तोंडी काम चांगलं म्हणून नव्हे! त्यामुळे तोंडीला सगळ्यांना १८-१९ वाटून मोकळं होण्याची रीत जात नाही.

शेरेबाज

आता आठ गुणांच्या प्रश्नाचं. 'साडेपाच का आणि सहा का नाही' हे मुलाला सांगता आलं पाहिजे. मी सुचवतो ती विभागणी वर्गातल्या वापरासाठी आहे, परीक्षा मंडळाची म्हणून खपवू नका: आशय ३, मांडणी २, भाषा २, लेखननियम १.

यात आशयाचेच वांधे होतात. 'आशय चांगला' म्हणजे काय? मी याला उचलचाचणी म्हणतो. वाक्य उचलून दुसऱ्याच विषयाच्या निबंधात टाकून बघा. तिथेही चाललं तर ते वाक्य आशयात धरू नका. 'आजच्या आधुनिक युगात माझी कोणाला किंमत राहिली नाही' हे थांब्याला चालतं, फाटक्या पुस्तकाला चालतं, विहिरीला आणि जात्यालाही चालतं. 'माझ्या अंगावर शिकवणीची जाहिरात आहे, तिच्याखाली उमेदवाराचा अर्धा चेहरा' हे फक्त थांब्यालाच चालतं. उचलता न येणारे तीन तपशील असतील तर ३, दोन असतील तर २, एक असेल तर १. मुलांना ही चाचणी एकमेकांच्या वहीवर करायला दिली की ती आपल्यापेक्षा निर्दय असतात.

मांडणी: परिच्छेद बदलायला कारण आहे का, आणि शेवट सुरुवातीपेक्षा पुढे गेलाय का. भाषा: एकाच वाक्यात 'आणि मग' दोनदा आलंय का, 'खूप' हा शब्द पानावर किती वेळा आहे.

बातमी आणि पत्राला हे निकष चालत नाहीत. बातमीला शीर्षक, स्थळ-दिनांक, पहिल्याच वाक्यात काय-कुठे-केव्हा-कोण, घटना भूतकाळात, आणि 'मला वाटते' कुठेही नाही. होऊन गेलेल्या कार्यक्रमाची बातमी 'होणार आहे' म्हणून लिहिणं ही सर्रास चूक, कारण प्रश्नात निमंत्रणपत्रिका किंवा जाहिरात दिलेली असते आणि मूल तिचाच काळ उचलतं. औपचारिक पत्रात सगळे अवयव बरोबर असतात पण मागणीच राहून जाते. शंभर रोपं हवीत की दोनशे, कोणत्या तारखेपर्यंत, पैसे कसे देणार, हे नसेल तर ते मागणीपत्र कसलं? तिथे निम्मे गुण मजकुराला ठेवा, नाहीतर साचा पाठ करणारं मूल पैकीच्या पैकी घेऊन जातं. सारांशाला आधी शब्दसंख्या: मूळ उताऱ्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. मग एकच कसोटी. उताऱ्यातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलंय का?

खडूभुकटी

निकष छान, पण दोन शिक्षक एकच निकष हातात घेऊन वेगळे गुण देतातच.

शेरेबाज

देतातच. म्हणून मंडळाच्या तपासणीत परीक्षकांच्या वर नियामक (मॉडरेटर) असतो. शाळेत त्याची छोटी आवृत्ती करता येते. तपासायच्या आधी पाच निबंधांच्या झेरॉक्स काढा, नावं झाका, दोघांनी वेगवेगळे तपासा. आठांत एका गुणापेक्षा जास्त फरक पडला तर तो कोणत्या निकषात पडला ते बघा. बहुतेक वेळा आशयात पडतो, आणि मूळ कारण अक्षर असतं. सुंदर अक्षरातल्या पोकळ निबंधाला एकाने ३ दिलेले असतात. चर्चा करून जे ठरेल त्या तीन प्रती 'नमुना प्रती' म्हणून जवळ ठेवा: एक तीनची, एक साडेपाचची, एक सातची. तपासताना अडलात की नमुन्याशी ताडून बघा.

दुसरा दोष थकव्याचा. चाळिसाव्या वहीपर्यंत हात एकतर सैल होतो नाहीतर कडक. गठ्ठा संपला की पहिल्या पाच वह्या परत बघायच्या. आणि दर वेळी हजेरी क्रमांक १ पासून सुरू करू नका, कधी ४० पासून, कधी मधूनच. एरवी आडनावाच्या अक्षरावरून गुण ठरतात.

दूरची_शाळा

परदेशातल्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळांसाठी विचारते. आठ-दहा मुलं, वयं ७ ते १४, घरी मराठी ऐकतात पण उत्तर इंग्रजीत देतात. हा तक्ता चालेल का?

बाकावरून

चालेल, दोन बदल करून. कडं एकच ठेवा, मुलं थोडी आहेत. आणि 'दु'साठी तयार वाक्यं पाठ करून घ्या: 'तुझं पटतं, पण...', 'यात मी एक भर घालते', 'असं का म्हणतोस?' अशा मुलांची अडचण विचारांची नसते, चर्चेत शिरायचं दार त्यांना मराठीत सापडत नाही. मधे इंग्रजी शब्द आला तर थांबवू नका, बाजूला कागदावर लिहून ठेवा. शेवटी त्यातले पाच शब्द फळ्यावर घ्या आणि मराठी शब्द वर्गाकडून काढा. परिच्छेद आधी बोलून, रेकॉर्ड करून, मग ऐकून लिहायला लावा. देवनागरीचा वेग कमी असतो, आणि लिहिता लिहिता वाक्यच विसरलं जातं.

सातवा_बाक

चॅटजीपीटीचं काय? घरी दिलेला निबंध आता निबंध राहिलाच नाही. आणि कड्यात बसवूनही गप्प राहणारी दोन-तीन मुलं असतात, त्यांना शून्य द्यायचं?

शाईची_दौत

पहिल्याचं: कच्चं लेखन वर्गातच, हा नियम मोडू नका, मग प्रश्नच उरत नाही. घरी द्यायचंच असेल तर माहिती गोळा करायला द्या. थांब्यावर जाऊन पाच गोष्टी टिपून आणा, आजीला गिरणीबद्दल तीन प्रश्न विचारून या. संशय आला तर आरोप करू नका. वहीतलं एक वाक्य वाचून विचारा, 'इथे हाच शब्द का घेतलास?' ज्याने लिहिलंय तो काहीतरी सांगतोच.

बाकावरून

दुसऱ्याचं मी सांगतो. शून्य नाही. आत बसायच्या आधी त्या मुलाला हातात चिठ्ठी द्या आणि दोन मिनिटं लिहू द्या. आत गेल्यावर चिठ्ठी वाचली तरी चालेल, पहिल्या फेरीत तेवढंच अपेक्षित. दुसऱ्या सत्रात चिठ्ठीवर वाक्य नको, फक्त एक प्रश्न लिहून आणायला सांगा. प्रश्न विचारणं मत देण्यापेक्षा सोपं जातं, चूक ठरायची भीती नसते. त्याला आतल्या कड्यात तिसऱ्या जागी बसवा, टोकाला नको. टोकाचा मुलगा बाहेरच्यांकडे बघत बसतो. आणि सहा जणांत एकच बोलका ठेवा. दोन बोलके आले की उरलेले चार प्रेक्षक होतात.

वाडीची_बाई

तक्त्याची एक व्यावहारिक गोष्ट राहिली. ए-फोर कागद आडवा घेऊन चार भाग करा, एका भागात एक फेरी, सहा ओळी. एका बाजूला चार फेऱ्या म्हणजे दोन तासिका, पाठपोट काढलं की चार. एका तुकडीला सत्राला दीड कागद. बाहेरच्या कड्याचे छोटे कागद पाठकोऱ्या कागदांचे कापा, ते जपायचे नसतात. आपला तक्ता मात्र पेन्सिलीने भरू नका, सत्राअखेर अक्षरं पुसट होतात आणि 'दु'चा 'उ' दिसायला लागतो.